वाऱ्याला वाट

घरातील आवाजांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. जात्याची घरघर गेली आणि तिच्या जागी मिक्सरची गुरगुर आली. माठ कोपऱ्यात मुकाट्याने पाणी गार करीत असे. त्याचे काम आता फ्रिज करतो आणि ते करताना रात्रभर स्वतःशी पुटपुटतो. छताचा पंखा, खिडकीतला कूलर, पाण्याची मोटार, कपडे धुण्याचे यंत्र, ह्या सर्वांना आपले कान इतके सरावतात की, वीज गेली म्हणजेच उमगते, इतका वेळ घरात केवढा गलका चालू होता! वाचकहो, पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा त्रागा करण्यापूर्वी क्षणभर कान देऊन पाहा. शेजारच्या घरात काय बोलणे चालले आहे तेसुद्धा ऐकू येईल. ते ऐकावे की नाही, हा प्रश्न वेगळा.

हा सराव ही निरोगी कानांची चैन आहे. ज्यांना श्रवणयंत्राच्या आधाराने ऐकावे लागते त्यांच्या वाट्याला ती फारशी येत नाही. श्रवणयंत्र नातवाचा शब्द मोठा करते, तसाच पंख्याचा आवाजही मोठा करते. अलीकडील यंत्रांत एकसुरी आवाज ओळखून तो दाबण्याची सोय असते. परंतु ती सोय आवाज कमी करते, नाहीसा करीत नाही, आणि तो आवाज माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत मिसळलेला असला म्हणजे त्याला वेगळा काढणे यंत्रालाही जड जाते. आमच्या सासूबाईंनी वयाची ८६ वर्षे ओलांडली आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या संध्याकाळी बैठकीत येत, सर्वांची विचारपूस करीत, दूरदर्शनवरील बातम्यांवर आपले मत देत. पुढे पुढे असे होऊ लागले की, बैठकीत पाऊल टाकताच त्या दोन्ही कानांतील यंत्रे काढून डबीत ठेवीत. मग आम्ही बोलावे आणि त्यांनी मंद हसावे. काही दिवसांनी त्यांनी येणेच सोडले. विचारले तर म्हणाल्या, "तिथे कुणीतरी सारखी शिट्टी वाजवीत असतं गं."

ती शिट्टी कोण वाजवीत होते, हे सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आमचे घराणे इंदूरचे. होळकरांच्या काळापासून मराठी माणसे येथे नांदत आली आहेत, त्यांतलेच आम्ही एक. सासरे रेल्वेत नोकरीला होते. इटारसी, झाशी, बिलासपूर अशा बदल्या होत राहिल्या आणि मुलांच्या शाळेसाठी सासूबाई इंदुरातच राहिल्या. पत्र लिहिण्याचा सासऱ्यांना मनस्वी कंटाळा; परंतु बोलण्याचा मुळीच नाही. म्हणून १९७८ साली त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि पत्राऐवजी कॅसेट पाठविण्याचा परिपाठ सुरू केला. येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्या गार्डाच्या हाती कॅसेट यावयाची, सासूबाईंनी ती ऐकावयाची, आणि दुसऱ्या बाजूवर आपले बोलणे भरून परत पाठवावयाची. अशा ४१ कॅसेट आमच्या लोखंडी कपाटात होत्या. कॅसेटची फीत अमर नसते. तिच्यावरील चुंबकीय लेप सुटू लागतो, फीत फितीला चिकटते, आणि एके दिवशी ध्वनीऐवजी नुसती खरखर उरते. तेव्हा माझ्या पुतण्याने एका हिवाळ्यात चिकाटीने बसून त्या सर्व कॅसेट संगणकावर उतरविल्या आणि घरातील छायाचित्रांसह एका 'साठवणीच्या पेटीत' ठेवल्या.

ही पेटी म्हणजे बंगळुरास असलेल्या आमच्या चिरंजीवांचा जुना संगणक. त्यात चार हार्ड डिस्क आहेत. ठेवलेली प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी दुसरी शाबूत राहावी. आणि ह्या पेटीतून मिनिटाला २,७०० फेरे घेणाऱ्या एका लहानशा पंख्याची शिट्टी अहोरात्र येत असे. ज्या पेटीत सासऱ्यांचा आवाज जपून ठेवला होता, तीच पेटी तो आवाज सासूबाईंच्या कानी पडू देत नव्हती.

आता हा पंखा तेथे कशासाठी, असे आपण विचाराल. हार्ड डिस्क म्हणजे आत गरगर फिरणाऱ्या चकत्यांची एक बंद डबी. आमच्या डिस्क मिनिटास ५,४०० फेरे घेतात. काही ७,२०० घेतात. सतत फिरणारी मोटार आणि तिच्यावरील विद्युत्-मंडल ही दोन्ही तापतात. १९५६ साली आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीने पहिली अशी चकत्यांची साठवण बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होते, आणि एवढ्या धुडात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तशी शंभर यंत्रे रचली असती तरी आमची तासाभराची एक कॅसेट पूर्ण गुणवत्तेने त्यांत बसली नसती. आज तेच काम तळहाताएवढी डबी करते. मात्र उष्णता बाहेर टाकण्यास तिच्यापाशी अंगही तेवढेच लहान असते, आणि अशा चार डब्या एकावर एक रचल्या म्हणजे मधल्या दोघींची स्थिती भर उन्हाळ्यात रेल्वेच्या साध्या डब्यात दोन गलेलठ्ठ प्रवाशांच्या मध्ये बसलेल्या माणसासारखी होते.

ह्या डिस्क ज्या पत्र्याच्या चौकटीत बसवितात तिला आपण पिंजरा म्हणू. आमच्या पेटीतील पिंजरा सुमारे १४६ मिलिमीटर रुंद व १२४ मिलिमीटर उंच आहे. एका डिस्कची जाडी २६ मिलिमीटर. चौघींची मिळून १०४. म्हणजे उरलेले २० मिलिमीटर त्यांच्या मधल्या, वरच्या व खालच्या फटींत वाटले जातात. प्रत्येक फट अवघी चार मिलिमीटरची! वाऱ्याने जावयाचे ते ह्या फटींतून. आणि पिंजऱ्याच्या तोंडाशी पंखा होता तो ८० मिलिमीटरचा. १२४ मिलिमीटरच्या उंचीपुढे ८० मिलिमीटरचा पंखा. म्हणजे अगदी वरच्या व अगदी खालच्या फटीला वारा लागावयाचा तो उरलासुरला. शिवाय ज्या पत्र्यावर तो पंखा ठोकला होता त्याला मोकळे तोंड नव्हते. बारीक बारीक छिद्रांची जाळी पाडलेली होती आणि तिच्यात जवळजवळ निम्मा पत्रा तसाच शिल्लक होता. चाळणीच्या पाठीमागून फुंकर मारून पाहावी, म्हणजे त्या बिचाऱ्या पंख्याचे दुःख कळेल. तो ओरडत होता, कारण त्याला कोंडले होते.

"आई, अगं पेटीच दुसऱ्या खोलीत ठेव ना," चिरंजीवांनी दूरध्वनीवरून सांगितले. मुलांना दुरून सर्व सोपे दिसते. आमच्या घरात दुसरी खोली म्हणजे एक तर सासूबाईंची, नाही तर स्वयंपाकघर. तेथे फोडणीचा तेलकट धूर. गच्चीत धूळ आणि इंदूरचे ऊन. कपाटात बंद करावी तर वारा कोठून मिळणार? न फिरणाऱ्या, म्हणून मुळीच आवाज न करणाऱ्या नव्या तऱ्हेच्या डिस्क मिळतात हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्याच साठवणीला त्यांची किंमत कितीतरी अधिक पडते, आणि चार चांगल्या चालत्या डिस्क मोडीत काढणे माझ्या स्वभावात बसत नाही. पुतण्याने पंख्याची गती अर्ध्यावर आणून पाहिली. शिट्टी थांबली खरी, परंतु फेब्रुवारीतच मधल्या डिस्कचे तापमान ४८ अंशांवर गेले. मे महिना तर अजून पुढेच होता.

मी ३० वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. सेवानिवृत्त शिक्षकाच्या हाती कागद आणि पेन्सिल सापडली म्हणजे तो गणित मांडल्यावाचून राहत नाही. हे गणित सुंदर आहे, म्हणून आपणांसही सांगते. एकाच घडणीच्या दोन पंख्यांत, वारा गतीच्या प्रमाणात वाढतो, परंतु व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला तर व्यास दीडपट होतो, आणि दीडचा घन म्हणजे ३.३७५. तेव्हा तेवढाच वारा मिळविण्यास मोठ्या पंख्याला २,७०० ऐवजी अवघे ८०० फेरे पुरतात. आवाजाचे गणित ह्याहूनही उदार आहे. पंखा मोठा झाल्याने आवाज काहीसा वाढतो, पण गती उतरल्याने तो त्याहून पुष्कळच उतरतो. वजाबाकी करता सुमारे १४ डेसिबलची बचत होते. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. लहान पंख्याची सात पाती सेकंदाला ४५ फेरे घेत होती. म्हणजे वाऱ्याला सेकंदाला ३१५ तडाखे बसत. हा सूर, त्याच्या पटीतले वरचे सूर आणि जाळीतून घुसमटून निघणाऱ्या वाऱ्याची सळसळ, हे सारे माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत येऊन पडत होते. सात पात्यांचाच मोठा पंखा ८०० फेऱ्यांनी चालला तर तडाखे होतात ९३. इतका खर्जातला आवाज आपल्या कानालाही कमी जाणवतो, आणि श्रवणयंत्रे तर साधारणपणे खर्ज फारसा मोठा करीतच नाहीत.

परंतु त्याच गणिताची दुसरी बाजू होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालण्यासारखे नव्हते. मोठा पंखा सावकाश फिरतो तेव्हा वारा तेवढाच देतो, पण त्याचा जोर राहत नाही. दाबाचे गणित केले तर तो पहिल्याच्या एक-पंचमांशावर येतो. असा शांत स्वभावाचा पंखा त्या चाळणीपुढे नेऊन बसविला असता तर तो नुसता जागच्या जागी हवा घुसळीत बसला असता. म्हणून मोठा पंखा आणून चालणार नव्हते. पिंजऱ्याचे तोंडच कापून मोकळे करावयास हवे होते. बाजारात लहान तोंडावर मोठा पंखा बसविण्याची नरसाळी मिळतात. ती घेऊन पाहण्याचा पुतण्याचा आग्रह होता. पण नरसाळ्याचे निमुळते टोक शेवटी त्याच ८० मिलिमीटरच्या जाळीवर येऊन टेकणार! मी त्याला नकार दिला.

पत्रा कापावयाचा म्हणजे कारागीर हवा. येथे मध्य भारतात राहणाऱ्या वाचकांना सांगावयास नको की, फेब्रुवारी लागला म्हणजे आमच्या बाजारांतून पत्र्यावर हातोडीचे घाव ऐकू येऊ लागतात. कूलर तयार होत असतात. चौकोनी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या अथवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या जाळ्या, आणि समोर गोल तोंड कापून त्यात बसविलेला मोठा पंखा. ह्या कामात उभा जन्म घालविलेले एक वृद्ध मिस्त्री आमच्या वस्तीच्या टोकाला बसतात. त्यांच्यापुढे मी आमचा रिकामा पिंजरा ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, बोटाने जाळी चाचपली, आणि म्हणाले, "बहनजी, यह तो कूलर का बच्चा है! पानी कहाँ भरोगी?"

पाणी भरावयाचे नाही एवढे सांगताच बाकीचे त्यांना समजावून द्यावे लागले नाही. उलट त्यांनीच मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, पंख्याची कड आणि पत्रा ह्यांच्यामध्ये फट ठेवू नये. नाही तर पुढे ढकललेला वारा त्याच फटीतून मागे फिरतो आणि पंखा पुन्हा तोच वारा ढकलीत बसतो. दुसरी अशी की, वारा जितका आत जाईल तितका बाहेर निघण्यास वाट असली पाहिजे. खिडक्या लावून घेऊन कूलर चालविणारी माणसे 'गार होत नाही' म्हणून त्यांच्याकडे तक्रार घेऊन येतात, आणि ते त्यांना कूलर न बघताच परत पाठवितात. पंख्याचे जे नियम मी वर्गात फळ्यावर लिहिले असते, ते त्या गृहस्थांनी हाताच्या तळव्याने शिकले होते.

कापण्याचे काम मी शेजारी स्टुलावर बसून पाहिले. आधी डिस्क काढून घरीच ठेवल्या होत्या, आणि त्यांतील सर्व काही एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती शेजारी सुरक्षित ठेवली होती. हे न करता कोणीही असल्या कामाला हात घालू नये. पिंजऱ्याचा दर्शनी पत्रा रिव्हेटांनी जडविलेला होता. मिस्त्रीजींनी ड्रिलने रिव्हेटांची डोकी उडविली आणि पत्रा सुटा करून फळीवर ठेवला. मी घरून कागदावर आकृती काढून नेली होती. ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंच्या छिद्रांत ७१.५ मिलिमीटरचे अंतर असते, १२० मिलिमीटरच्या पंख्यात १०५. म्हणजे चारही छिद्रे नव्याने पाडावयाची. मधले तोंड ११४ मिलिमीटर व्यासाचे. उभ्या बाजूंनी पत्र्याची कड जेमतेम पाच मिलिमीटर राहत होती. मिस्त्रीजींनी तेथे बोट ठेवून मान हलविली. कड इतकी अरुंद झाली की पिंजरा लुळा पडतो, आणि लुळा पिंजरा डिस्कच्या फिरण्याबरोबर थरथरू लागतो. त्यांनी मग पंख्याच्या चौकटीलाच आधार केले. कोपऱ्यांत पत्रा भरपूर होता. तेथे चार स्क्रू असे आवळले की, कापलेल्या पत्र्याचा ताठपणा पंख्याच्या चौकटीने भरून काढला.

वर्तुळ त्यांनी परकाराने आखले, मध्यभागी छिद्र पाडून वाकड्या पात्याची कातर आत घातली आणि सावकाश फिरवीत नेली. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. परंतु कातरीने ओढला गेला की तो कडेला सुरकुततो. ती सुरकुती लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने बसविली. त्यानंतर कानस. जेवढा वेळ कापावयास लागला, त्याच्या दुप्पट वेळ ते कड घाशीत बसले होते. मला वाटले, आत कोण पाहणार आहे! तेवढ्यात त्यांनी माझी करंगळी त्या कडेवरून फिरविण्यास सांगितले. कड बांगडीसारखी गुळगुळीत होती. धारदार कडेवर आपटून वारा शिट्टी घालतो, आणि तारांचे आवरण तिच्यावर घासून फाटते, ही दोन्ही कारणे त्यांनी काम संपल्यावर सांगितली. मजुरी मागितली ती इतकी थोडी की मी घासाघीस करण्याऐवजी वर पैसे ठेवले, आणि ते त्यांनी परत केले.

घरी आणल्यावर पिंजरा साबणाच्या पाण्याने धुतला, उन्हात वाळविला आणि त्याच्यावरून चुंबक फिरविला. लोखंडाचा एक कीस जरी विद्युत्-मंडलावर पडला तरी नको तेथे नको त्याची गाठ पडून सारा खेळ आटोपतो. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो. पावसाळ्यात तेथून गंज चढू नये म्हणून रंगाचा एक हात दिला. मग रिव्हेटांच्या जागी स्क्रू, पंख्याच्या चौकटीभोवती स्पंजाची पट्टी, आणि डिस्क व पिंजरा ह्यांच्यामध्ये रबराच्या चकत्या. ज्यांना हे घरी करावयाचे असेल त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगते: पंख्याची १२ व्होल्टची तार हाताळण्यात भय नाही, पण संगणकाला वीज पुरविणारी जी बंद पत्र्याची पेटी असते ती कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्यात मारक विद्युत्-भार राहू शकतो.

पंखा सुरू केला तेव्हा आम्हांला वाटले, तो चालूच झाला नाही. हात पुढे धरला तेव्हा वारा लागला.

तरीही अगदी निःशब्दता आली असे मात्र नाही. मोठा आवाज गेला म्हणजे त्याच्यामागे दडलेले लहान आवाज पुढे येतात, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. पंखा गप्प झाला तेव्हा डिस्क ऐकू येऊ लागल्या. ५,४०० फेरे मिनिटाला, म्हणजे ९० सेकंदाला. त्यांचा खर्जातला गुंजारव. चारही डिस्कची गती हुबेहूब सारखी नसते, म्हणून तो गुंजारव लाटेसारखा चढे आणि उतरे. सतारीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पूर्ण जुळल्या नाहीत म्हणजे जसा डोल येतो तसा. पिंजरा टेबलावर टेकत होता, टेबल भिंतीला, आणि भिंत तो आवाज सर्व घरभर नेत होती. पेटीखाली रबराचे चार टेकू ठेवले, टेबल चार बोटे पुढे ओढले, आणि लाट विरली. रबर फार मऊ मात्र नसावे. डिस्कमधील वाचणारी सुई केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक रेषेवर नेम धरून असते. तिला हेलकावे सोसत नाहीत. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंता ब्रेंडन ग्रेग ह्याने डिस्कच्या फडताळापुढे उभे राहून नुसती आरोळी ठोकली, आणि तेवढ्याने त्या डिस्कच्या कामाला क्षणभर विलंब लागल्याचे मोजून दाखविले. तेव्हा आवाज फक्त माणसालाच त्रास देतो असे नाही.

पंख्याची गती कोणी ठरवावी, हा एक मजेदार प्रश्न निघाला. संगणक बहुधा आपल्या मुख्य प्रोसेसरच्या तापमानाकडे पाहून पंखे कमीअधिक करतो. डिस्क तापली आहे की नाही ह्याची तो चौकशीच करीत नाही. म्हणजे ताप एकाला आणि नाडी पाहावयाची दुसऱ्याची! डिस्क आपले तापमान विचारल्यास सांगते. पुतण्याने लहानशी आज्ञावली लिहिली. ती दर पाच मिनिटांनी चौघींना विचारते आणि त्यांत जी सर्वांत तापली असेल तिच्याप्रमाणे पंखा चालविते. रात्री तो ७०० फेऱ्यांवर असतो. २०२४ च्या मे महिन्यात, बैठकीत ३५ अंश उष्मा असताना, तो ९५० पर्यंत चढला. गणिताने सांगितलेल्या ८०० वर भागले नाही, कारण फटी चारच मिलिमीटरच्या आहेत आणि गणितात धूळ धरलेली नव्हती. मधल्या डिस्क ४२ अंशांवर, कडेच्या ४१ वर. पूर्वी भर वेगाने शिट्टी घालूनही मधल्यांचे तापमान ४५ होत असे.

काटेकोर वाचक म्हणतील, ते आणखी खाली का आणले नाही? माझे मत असे की, आणण्याची गरज नव्हती. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्याकडील लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट आढळला नाही, उलट अगदी थंड राहिलेल्या डिस्क अधिक बिघडल्या. फार तापलेल्या, आणि त्यांतही जुन्या झालेल्या डिस्कच्या बाबतीतच उष्णतेचा उपद्रव दिसला. तेव्हा डिस्कला ज्वर येऊ देऊ नये; पण तिला हिमालयात नेऊन ठेवण्याच्या हट्टापायी घरातील माणसांना बहिरे करू नये. महिन्यातून एकदा पंख्यावरची धूळ ब्रशाने काढते, आणि कूलरचा दमट झोत पेटीवर येणार नाही एवढे पाहते. पंखा, रबर आणि मजुरी मिळून खर्च दीड हजार रुपयांच्या आत झाला.

सासूबाईंना आम्ही ह्यातले काहीच सांगितले नव्हते. चारपाच दिवसांनी चहाच्या वेळी त्या काहीतरी शोधीत बैठकीत आल्या, आणि उंबऱ्यात थांबून कानाशी हात नेला. यंत्र काढण्याची ती सवयच झाली होती. मग हात खाली आला. "शिट्टीवाला गेला वाटतं," म्हणाल्या, आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या.

त्यानंतर कॅसेट ऐकण्यास सुरुवात झाली. रोज एक बाजू, दिवेलागणीनंतर. ह्याहून अधिक त्या ऐकत नाहीत. बिलासपूरचा पाऊस, झाशीला मिळणाऱ्या भाजीचे भाव, थोरल्याच्या गणिताच्या मार्कांवरून केलेली कानउघाडणी. (थोरला म्हणजे माझे यजमान, ते त्या दिवशी मध्येच उठून गेले.) काही ठिकाणी सासरे बोलता बोलता थांबतात आणि मागे मालगाडी जाते. ती पूर्ण जाईपर्यंत त्या डोळे मिटून बसतात.

इटारसीच्या कॅसेटमध्ये त्यांच्या बोलण्यामागे एक कुरकुर आहे. टक, कुर्र, टक, कुर्र, अशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पुतण्याने सांगितले की, संगणकावर ती सहज पुसता येईल आणि आजोबांचे बोलणे स्वच्छ ऐकू येईल. मी त्यांना तसे विचारले.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "क्वार्टरमधला पंखा आहे तो. एक पातं वाकलेलं होतं. मी त्यांना सांगत होते, दुरुस्त करून घ्या म्हणून. बघ, नाहीच केला."

पुतण्याने ती कॅसेट आहे तशीच ठेवली आहे. आता बिलासपूरच्या शेवटच्या सहा राहिल्या आहेत.